फ्रीजरमधील डबा आणि आपले पथ्य

पथ्यपत्रकावर छापून ठेवलेल्या काही ओळी आपण इतक्या सवयीने रुग्णाच्या हाती देतो की, त्यांचा त्याच्या घरात काय अर्थ होतो हे पाहण्याचे राहूनच जाते. ‘शिळे व फ्रीजमधील अन्न वर्ज्य’ ही अशीच एक ओळ. आमच्या पत्रकावर ती कित्येक वर्षे होती. ती आम्हांला का बदलावी लागली आणि तिच्या जागी आज आम्ही काय सांगतो, ते व्यवसायबंधूंपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटे राहतात. पत्नी निवर्तलेली, एकुलती मुलगी डोंबिवलीस नोकरीत. ती महिन्यातून एकदा रेल्वेने येते, दोन दिवस चुलीपुढून हलत नाही आणि अठरा-वीस लहान डबे भरून फ्रीजरमध्ये लावून परत जाते. हे गृहस्थ अग्निमांद्य व मलावष्टंभासाठी आमच्याकडे आले. औषध दिले, पत्रक दिले. दीड महिन्याने पाहतो तो वजन चार किलोंनी उतरलेले. आम्ही रक्त तपासून घेतले, छातीचे चित्र काढविले. काही निघाले नाही. शेवटी दिवसभराचे खाणे घटकाघटकांनी विचारले, तेव्हा उलगडा झाला. सकाळी चहा-बटर, दुपारी अंगात त्राण असले तर पेज, रात्री पुन्हा चहा. मुलीने भरलेले डबे? ते त्यांनी एकेक करून माडाच्या बुंध्याशी ओतले होते. “तुमीच सांगलास मा, शिळा खाव नकात म्हणान. मगे मी टाकलंय.” मुलगी आली तेव्हा रिकामे घासलेले डबे पाहून तिला समाधानच वाटले होते.

दोष रुग्णाचा नव्हता. त्याने वैद्याची आज्ञा अक्षरशः पाळली होती.

दुसऱ्या प्रकारचे रुग्ण याहून पुष्कळ अधिक आहेत. शिक्षिका, परिचारिका, बँकेतील वा तहसील कचेरीतील कर्मचारी, हॉटेल-निवास चालविणारी जोडपी. ती पत्रक वाचतात, मान डोलावतात आणि रविवारी आठवड्याचे वाटण करून फ्रीजरमध्ये ठेवतात. वैद्यांसमोर मात्र “सगळे ताजेच असते” असे सांगतात. अशा वेळी आपल्या हाती आहाराचा जो इतिहास येतो, तो निदानाच्या कामाचा राहत नाही. न पाळता येणारे पथ्य सांगितले की रुग्ण ते मोडतो, हे तर झालेच. पण तो ते आपल्यापासून लपवूही लागतो, ही हानी मोठी आहे.

निषेध कशाचा आहे?

शास्त्रातील निषेध हलका नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चरकाचार्यांच्या आहारविधीत उष्ण भोजन हा पहिला नियम आहे. यातयाम व पर्युषित अन्नाची गणना भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहारात केली आहे. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात तर पुन्हा गरम केलेले अन्न हे तृण, केश पडलेल्या अन्नाच्या शेजारी, त्याज्य म्हणून बसविले आहे. वाग्भटांच्या या एका सूचनेकडे आपण आजही पुरेसे लक्ष देत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला घातला की ‘उकळले, आता काही भीती नाही’ असे घरोघरी समजतात. भातातील काही सूक्ष्म जंतूंची बीजे शिजवूनही टिकतात, कोमट दमट हवेत ती वाढतात आणि त्यांच्यापासून निर्माण होणारे वांती घडविणारे विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही, ही गोष्ट आजच्या जंतुशास्त्राने स्पष्ट केली आहे. पुनरुष्णाच्या निषेधाला याहून चांगले भाष्य मिळणे कठीण.

पण ग्रंथकारांपुढे जे पर्युषित होते ते घरातील हवेच्या उष्णतेत रात्र काढलेले अन्न होते. उणे १८ अंश सेल्सिअसला घट्ट गोठलेला डबा त्यांच्यापुढे नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. तेव्हा त्याविषयी जे काही म्हणायचे ते युक्तीने म्हटले पाहिजे. वचनाचा आधार दाखवून नव्हे. युक्तीला लागणारे साधन मात्र ग्रंथातच आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगताना ‘करण’ म्हणजे संस्कार, हे एक सांगितले आहे आणि संस्कार कशाकशाने घडतो याची जी यादी आहे तीत जल, अग्नी, शौच, मंथन यांच्या जोडीने देश, काल, कालप्रकर्ष आणि भाजन यांचाही समावेश आहे. म्हणजे किती वेळ ठेवले, कोठे ठेवले आणि कशात ठेवले, यांवर द्रव्याचा गुण ठरतो. साठवण हा संस्कार आहे. तो गुण वाढवूही शकतो: वर्षभर जुने धान्य लघु आणि नवे गुरु, हे आपण नित्य सांगतो, जुन्या तुपाचे तर आपण औषध म्हणून मोल करतो. तेव्हा ‘ठेवलेले ते सर्व वाईट’ हा सिद्धांत आयुर्वेदाचा नाही.

औषधालय चालविणाऱ्या मंडळींना ही गोष्ट अधिक सहज पटावी. शार्ङ्गधराने कल्पानुसार सवीर्यतेचा काळ दिला आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षानंतर, घृत-तैल चार महिन्यांनंतर. आसव, धातू व रस मात्र जुने तेवढे गुणाढ्य. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट हे पाच कषाय त्या त्या दिवशीच करावयाचे. औषधांच्या नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये आज आपण बाटलीवर जी अंतिम तारीख छापतो, ती चूर्णाच्या बाबतीत दोन महिन्यांपेक्षा पुष्कळ पुढची असते. त्यात ग्रंथाशी विरोध शोधण्याचे कारण नाही. भाजन बदलले, झाकण हवाबंद झाले, ओल आत शिरेनाशी झाली, म्हणून काळ बदलला. जो वैद्य आपल्या कपाटातील प्रत्येक बरणीला वेगळी तारीख देतो, तोच रुग्णाच्या फ्रीजपुढे उभा राहिला की ‘ताजे’ आणि ‘शिळे’ अशा दोनच चिठ्ठ्या काढतो, हे थोडे विसंगत आहे.

स्वयंपाकघरालाही हाच न्याय लावून पाहावा. आमटी, सार, कढी हे क्वाथाच्या जातीचे, पातळ व ओले. ओले वाटण हा कल्क. मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, वड्यांचे पीठ ही चूर्णे. आंबापोळी, फणसपोळी, मुरांबा हे लेहाच्या पंगतीतले. जितके पाणी अधिक तितका काळ कमी, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच चालते. फ्रीजर इतकेच करतो की, पाण्याचा बर्फ करून ते पाणी जंतूंना काही काळ अलभ्य करून ठेवतो. जंतू त्यामुळे मरत नाहीत, ते थांबतात. डबा वितळला की जेथे थांबले तेथून पुढे निघतात.

आगोटीची रीत

आपल्या किनाऱ्यावरील स्वयंपाक रोजचा रोज, सगळाच्या सगळा ताजा होता, अशी एक समजूत अलीकडे पसरली आहे. ज्यांनी आगोटीची बेगमी पाहिली आहे ते तसे म्हणणार नाहीत. मे महिन्यात अंगणे भरून जात. आमसुले पुटे देऊन वाळत, आगळ बरण्यांत भरले जाई, कैरीच्या फोडींचे आंबोशी होत, सुकट, सोडे व सुके बांगडे कडक उन्हात चढत, मसाला कांडला जाई, कुळीथ भाजून दळले जात. समुद्र बंद झाला की घर त्यावर चाले. आजही राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत बाजारात येणारा मासा बहुधा बर्फातील, गोठविलेला वा खारवलेला असतो, हे रुग्णाला ‘ताजे मासे खा’ असे सांगताना ध्यानात ठेवावे.

या जुन्या बेगमीत एक शहाणपण आहे. साठविले जाई ते द्रव्य किंवा अर्धसिद्ध कल्प. सिद्ध अन्न सहसा साठविले जात नसे. उकड्या तांदळाची पेज सकाळी ताजीच होई. भात दोन वेळा चढे. कुळथाची पिठी करायला पीठ तयार असे, पण पिठी ऊनऊनच ताटात येई. म्हणजे जेवणाचा जो मुख्य भाग अग्नीला रोज भिडतो तो ताजा, आणि ज्याला वेळ व श्रम लागतात ते आधी करून ठेवलेले. आजच्या नोकरदार घराला सांगण्याजोगे पथ्य येथेच तयार सापडते. फ्रीजरमध्ये जेवण ठेवू नये. जेवणाची तयारी ठेवावी.

भाजके वाटण हे याचे उत्तम उदाहरण. सुके वा ओले खोबरे, कांदा, धणे-मिरी तेलावर खरपूस भाजून, शक्य तितक्या कमी पाण्यात वाटले की ते फ्रीजरमध्ये महिना-दीड महिना चांगले राहते; फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार दिवसांपलीकडे ठेवू नये. पुढे खोबऱ्यातील स्नेह खवट होऊ लागतो. वास हीच त्याची परीक्षा, आणि खवट वाटण पित्तप्रकृतीच्या माणसाला काय करते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ओला नारळ खवून लहान पुड्यांत गोठविता येतो. शिजविलेले काळे वाटाणे, चवळी, मूग, साधे वरण हे गोठणे बरे सोसतात. नारळाच्या दुधाची आमटी मात्र वितळताना फाटते. सोलकढी गोठवूच नये. कोणी गोठवली तर तिला सोलकढी म्हणू नये. बटाटा भुसभुशीत होतो, काकडी-कोशिंबिरीचा लगदा होतो. घावणे, आंबोळी यांचे पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस चालेल. फुगत राहिलेले आंबट पीठ अम्लपित्ताच्या रुग्णाने आठवडाभर पुरवून खाणे योग्य नाही.

बांगडा आणि ‘शीतपित्त’

मासळीविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण येथे चूक झाली तर ती आपल्या दारात येते.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात एक विशिष्ट घटक पुष्कळ असतो. मासा पकडल्यानंतर बर्फाविना राहिला तर जंतू त्या घटकापासून हिस्टामिन तयार करतात. आपल्या हवेत त्याला काही तास पुरतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन गोठविल्याने जात नाही, तळल्याने जात नाही, तिरफळे व आमसुले घालून कितीही उकळले तरी जात नाही. माशाला वास येतोच असेही नाही. खाल्ल्यावर थोड्याच मिनिटांपासून काही तासांत तोंड लाल होते, डोके ठणकते, जिभेला चरचरते, अंगावर गांधी उठतात, छातीत धडधडते. बहुधा दिवसभरात ओसरते.

असा रुग्ण आपल्याकडे आला की शीतपित्त असे निदान होते आणि मासे कायमचे बंद केले जातात. आम्ही स्वतः हे केले आहे. वास्तविक तीन प्रश्न आधी विचारावेत. मासा केव्हा व कोठून घेतला? घरी आणेपर्यंत बर्फात होता का? एकाच कालवणातले आणखी कोणाला काही झाले का? रापणीवरचा बांगडा त्याच माणसाने पूर्वी अनेकदा खाल्ला असेल आणि या वेळी संध्याकाळच्या बाजारातला, दुपारभर टोपलीत राहिलेला आणला असेल, तर दोष माशाच्या जातीचा नसून कालाचा आहे. मात्र श्वास लागणे, घसा आवळणे, भोवळ येणे यांपैकी काहीही असेल तर चर्चा करीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तो खरा घातक असात्म्याचा प्रकार असू शकतो.

म्हणून मासा गोठवायचा तर आणल्याबरोबर, साफ करून, एका वेळच्या पुडीत. चरबीयुक्त मासा दीड-दोन महिन्यांच्या आत संपवावा, कारण त्याचा स्नेह थंडीतही हळूहळू खवट होतो. शिजविलेले कालवण गोठविण्यापेक्षा कच्चा मासा आणि वाटण वेगवेगळे गोठवून कालवण ताजे करणे केव्हाही श्रेयस्कर. ‘दुसऱ्या दिवशीचे कालवण अधिक मुरते’ हे खवय्यांचे मत आम्हांला ठाऊक आहे आणि चवीपुरते ते खोटेही नाही. पण ते कालवण रात्री ओट्यावर नव्हे, फ्रीजमध्ये मुरले पाहिजे. सुक्या मासळीला हा धोका कमी मानला तरी उच्च रक्तदाबाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णाला तीतील मीठ वर्ज्य आहे, हे सांगायला विसरू नये.

रुग्णाला सांगावयाची कृती

शिजविलेले पातेले गरम असताना फ्रीजरमध्ये ढकलू नये, आणि निवण्याच्या नावाखाली रात्रभर बाहेरही ठेवू नये. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे, ढवळावे, मग उथळ लहान डब्यांत वाटून दोन तासांच्या आत आत घालावे. गोठताना पाणी फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. काचेची बरणी तडकते. झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. गरम अन्न पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये. एक डबा म्हणजे एका माणसाचे एक जेवण. मोठा डबा वितळवून अर्धा वापरणे व उरलेला पुन्हा गोठविणे ही सर्वांत घातक सवय आहे आणि ती सर्वांत अधिक आढळते.

वितळविण्यासाठी डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावा. वरण, उसळ, वाटण थेट मंद आचेवर ठेवले तरी चालते. खळखळून उकळी आली पाहिजे, आणि ती एकदाच.

प्रत्येक डब्यावर काय आहे व केव्हा केले, हे लिहिलेले हवे. औषधालयचालकांना येथे एक छोटी सूचना करावीशी वाटते. चूर्णाच्या पुड्यांवर लावण्याच्या कोऱ्या चिठ्ठ्या आपल्याकडे असतातच. रुग्णाच्या हाती वीस-पंचवीस द्याव्यात. आम्ही देतो, आणि पथ्यपत्रकापेक्षा त्या अधिक वाचल्या जातात. घरगुती वाटण दुकानात विक्रीस ठेवण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना लागतो. औषधाचा परवाना त्याला पुरत नाही.

आणखी एक गोंधळ वारंवार आढळतो. फ्रीजच्या दारावरील तारका या विजेच्या बचतीच्या असतात. त्या पाच असल्या म्हणजे फ्रीजर खूप थंड असतो असे नव्हे. थंडपणाच्या हिमतारका वेगळ्या: एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा पुष्कळदा शेवटच्या पायरीस पोहोचत नाही. तेथे महिन्याचा हिशेब धरू नये. आठवडा पुष्कळ झाला.

काही रुग्णांना यातील काहीच सांगू नये. शोधनानंतरच्या संसर्जनक्रमात पेया, विलेपी, यूष ताजेच हवेत. तेथे सवलत नाही. ज्वरात, ग्रहणीत, आमवाताच्या साम अवस्थेत, सूतिकेला पहिल्या दिवसांत आणि अन्नप्राशनानंतरच्या लहान बालकाला आम्ही गोठविलेले सिद्ध अन्न देऊ देत नाही. गोठून वितळलेले अन्न आमच्या अनुभवात काहीसे गुरु व विष्टंभी वाटते. ते देताना आम्ही मात्रा थोडी कमी ठेवतो आणि सुंठ, जिरे, हिंग यांची ताजी फोडणी वरून द्यावयास सांगतो. हे आमचे मत आहे. इतरांचा अनुभव वेगळा असल्यास तो याच अंकांतून यावा.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांची मुलगी पुढच्या खेपेस आली तेव्हा तिला बोलावून घेतले. झाला प्रकार तिला सांगणे आम्हांस सोपे गेले नाही. मग तिघांनी मिळून यादी केली. उकड्या तांदळाची पेज व भात ते स्वतः रोज ताजा करतील. वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे आणि त्यांना ते जमते. मुलीने भात, पोळ्या व मासळीचे कालवण करून ठेवणे बंद करावे. त्याऐवजी मूग, काळे वाटाणे, वरण यांचे एकवेळचे डबे आणि वाटणाच्या पुड्या ठेवाव्यात. कुळथाचे पीठ बरणीत. चार महिन्यांत गेलेले वजन बहुतेक भरून आले.

वीज जाण्याची चिंता राहिली होती. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर आपल्या जिल्ह्यातील अनेक गावे काही दिवस अंधारात होती, हे कोणी विसरलेले नाही. भरलेला चांगला फ्रीजर दार न उघडता सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, खालचा कप्पा मात्र चारच तास. एकट्या माणसाने झोपेत किंवा परगावी असताना वीज किती वेळ गेली हे ओळखायचे कसे? वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. नाणे वर असेल तर अन्न चांगले; तळाशी गेले असेल तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले, असे समजून डबे टाकून द्यावेत.

मागच्या पावसाळ्यात ते चार दिवस नातेवाइकांकडे गेले होते. परत येऊन पाहतात तो नाणे तळाशी. या वेळी डबे माडाच्या बुंध्याशी ओतले ते आमच्या सांगण्यावरून, आणि तसे मुलीला फोनवर कळविलेही. पुढचे दहा दिवस पेज आणि पिठीवर काढावे लागले, ही तक्रार आमच्याकडे रीतसर नोंदविण्यात आली आहे.